डॉलरमागचे नव्वद पैसे

स्विफ्ट चार्जेस ५०० रुपये, त्यावर जीएसटी ९० रुपये. परदेशी पुरवठादाराला पैसे पाठवले की बँकेच्या डेबिट ॲडव्हाइसवर खर्च म्हणून मुख्यतः एवढंच दिसतं. भोसरी एमआयडीसीतले छोटे कारखानदार माझ्याशी हुज्जत घालतात ती याच ५०० रुपयांवरून. "मॅडम, तुम्ही बँकेत होतात, एवढे तरी माफ करून द्या की." मी म्हणते, ५०० राहू द्या, त्याच कागदावर एक्स्चेंज रेट छापलाय तो वाचा. आणि तो डेबिट पडला त्या वेळी बाजारात डॉलर कितीला होता ते मला सांगा. हे दुसरं उत्तर सहसा कोणाकडे नसतं.

बँकेच्या फॉरेक्स विभागात नोकरी करून निवृत्त झालेली बाई मी. काउंटरच्या त्या बाजूला बसून जे पाहिलं तेच सांगते.

जे ब्लॉकमधला एक कारखानदार तायवानमधल्या तायचुंगहून हायड्रॉलिक चक मागवतो. यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांचं ते मोठं गाव आहे. एका खेपेचं बिल समजा १२,००० डॉलर. बाजारात डॉलर ८८ रुपये धरू. बँकेने त्याला लावला ८८ रुपये ९० पैसे. डॉलरमागे ९० पैसे म्हणजे १०,८०० रुपये गेले, आणि ॲडव्हाइसवर त्यांना ‘चार्जेस’ असं कुठेच म्हटलेलं नाही. ज्याला वाचताच येत नाही त्या खर्चावर भांडणार कोण?

यात बँक लबाडीच करते असं मी म्हणणार नाही. सकाळी ट्रेझरीतून शाखांना दिवसभराच्या दरांचा तक्ता जातो, त्याला कार्ड रेट म्हणतात. दुपारपर्यंत डॉलर वर गेला तर नुकसान होऊ नये म्हणून बँक त्यात आधीच फरक धरून ठेवते. छोट्या रकमांना हाच दर लागतो. रक्कम मोठी असली, किंवा ग्राहक मागणारा असला, तर शाखा ट्रेझरीला फोन करून त्या क्षणाचा दर घेते आणि डील बुक करते. मग बाजारभावावर किती पैसे चढवायचे ते ठरतं, आणि ते ठरवता येतं, म्हणजे घासाघीस चालते. मंडईत मेथीच्या जुडीला दोन रुपये कमी करून घेणारा माणूस बँकेत छापील दरावर निमूट सही करतो, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे.

म्हणून ‘रेट चांगला द्या’ असं मोघम बोलू नका. ‘इंटरबँकवर, म्हणजे बँकाबँकांतल्या बाजारभावावर, किती पैसे?’ असं विचारा. वरच्याच खेपेत ९० ऐवजी १५ पैसे ठरले तर १,८०० रुपये लागतात, म्हणजे ९,००० वाचले. वर्षाला अशा चार खेपा आल्या तर ३६,०००. दर पडताळायला महागडी साधनं लागत नाहीत. एफबीआयएल ही संस्था रोज दुपारी डॉलरचा संदर्भ दर जाहीर करते, २०१८ पूर्वी तो रिझर्व्ह बँक काढायची. ऐन डीलच्या मिनिटाचा भाव त्यात सापडणार नाही, पण आपल्याला ९० पैसे लागले की १५, एवढं नक्की कळतं.

युरोत बिल असेल तर डोळे आणखी उघडे ठेवा. रुपया-युरोचा दर बहुधा डॉलरमार्गे काढलेला असतो, आणि दोन्ही टप्प्यांवर थोडं थोडं चढवायला जागा मिळते. उलट, युरोत धंदा करणारा जर्मन पुरवठादार तुम्हाला डॉलरमध्ये कोटेशन देतो तेव्हा चलनाच्या चढउताराची तजवीज त्यानेही किमतीत केलेली असू शकते. दोन्ही चलनांत भाव मागवावा आणि रुपयांत काढून ताडून पाहावा. आणखी एक बारकावा: मालाची कागदपत्रं बँकेमार्फत वसुलीसाठी आली तर बँक बिल सेलिंग दर लावते, आणि तो थेट पैसे पाठवताना लागणाऱ्या साध्या टीटी सेलिंग दरापेक्षा थोडा चढा असतो. जुना, भरवशाचा पुरवठादार कागदपत्रं थेट पाठवत असेल तर टीटी स्वस्त. एलसीचं (लेटर ऑफ क्रेडिटचं) कमिशन, दुरुस्तीचे आकार, विसंगतीचे आकार हे सगळं नव्या आणि अनोळखी माणसासाठी मोजावं, ज्याच्याशी वर्षानुवर्षं व्यवहार आहे त्याच्यासाठी कशाला?

आता वाटेतल्या बँकांचे आकार कोणी भरायचे यासाठी स्विफ्टच्या फॉर्मवर असलेल्या तीन पर्यायांकडे वळू. ओयूआर म्हणजे वाटेतल्या सगळ्या बँकांचे आकार पाठवणाऱ्याने भरायचे, बीईएन म्हणजे घेणाऱ्याने, एसएचए म्हणजे आपले आपण. घाईत एसएचएवर खूण होते. मधली बँक वीस-पंचवीस डॉलर कापून घेते, तायचुंगचा सेल्समन मेल करतो की रक्कम अपुरी आली, आणि आपला माणूस पंचवीस डॉलर पाठवायला परत ५०० रुपये भरतो! त्यातही काही कापले जातात. मधल्या चार दिवसांत माल तिकडेच पडून. पहिल्या ऑर्डरलाच पुरवठादाराशी बोलून हे ठरवून घ्यावं. त्याला पूर्ण रक्कमच हवी असेल तर बँकेला ओयूआरचा जादा आकार विचारून तो पर्याय घ्यावा.

एकाच पुरवठादाराची दोन-तीन बिलं जवळजवळ आली असतील तर एकाच रेमिटन्समध्ये पाठवा, प्रत्येक इन्व्हॉइस जोडून. स्विफ्टचा आकार एकदाच लागतो. चलन बदलण्यावरचा जीएसटीही टप्प्याटप्प्याने उतरणारा आहे: १० लाख रुपये एकदम बदलले तर तो ९९० रुपये, लाखालाखाने दहा वेळा बदलले तर १,८००. हा कर बहुतेकांना क्रेडिटमध्ये परत मिळतो, त्यामुळे त्यावर फार डोकं चालवू नका.

रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ऑगस्ट २०१९मध्ये एफएक्स-रिटेल नावाचा मंच सुरू केला. तुम्ही तुमच्या बँकेमार्फत नोंदणी करता, बँक मर्यादा ठरवून देते, आणि मग डॉलरची बोली तुम्ही स्वतः पडद्यावर लावता. दर बाजाराचा मिळतो, आणि बँकेने आपला आकार त्यावर वेगळा आणि आधी सांगून घ्यायचा असतो. छोट्या आयातदारासाठी याहून उघडा व्यवहार मला माहीत नाही. तरी शाखेत विचाराल तर समोरचा अधिकारी बहुतेक वेळा गोंधळून पाहील. ज्यातून शाखेचं उत्पन्न घटतं ते समजावून सांगायला उत्साह कुठून यायचा? शाखेवर न थांबता बँकेच्या फॉरेक्स विभागाला लेखी मेल टाका.

नमुन्यादाखल शे-दोनशे डॉलरचं काही मागवायचं तर कार्ड चालून जातं. नेहमीच्या खरेदीला कार्ड वापरू नका. परकी चलनावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावणारी कार्डं सर्रास आहेत, आणि ८८ रुपयांवर साडेतीन टक्के म्हणजे डॉलरमागे तीन रुपये होतात. आणि कोणी ओळखीचा ‘निम्मं बिल दाखवा, उरलेलं इथेच रुपयांत द्या, तिकडे पोचतं करतो’ म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. कस्टम्स आणि फेमा हा परकी चलनाचा कायदा, दोन्हीकडून अंगाशी येणारं प्रकरण आहे ते.

पैसे पाठवून झाले तरी खर्च संपत नाही, आणि इथे मात्र दोष बऱ्याचदा आपल्या दप्तराचा असतो. ॲडव्हान्स पाठवला की बँकेकडच्या आयडीपीएमएस या प्रणालीत, २०१६पासून, तुमच्या नावावर एक नोंद उघडी राहते. माल आला, बिल ऑफ एंट्री भरली, ती त्या पेमेंटला जोडली, की नोंद बंद होते. कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटने (सीएचएने) बिल ऑफ एंट्रीवर भलत्याच बँकेचा एडी कोड टाकला तर कागद एका बँकेत आणि पेमेंट दुसऱ्या बँकेत, असं त्रांगडं होतं. मग स्मरणपत्रं येतात, पाठपुराव्याचे आकार लागतात, आणि पुढचा ॲडव्हान्स अडतो. ऑक्टोबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने १० लाख रुपयांपर्यंतच्या नोंदी आयातदाराच्या घोषणापत्रावर बंद करायची मुभा दिली. जुन्या नोंदी लोंबकळत असतील त्यांनी ती यादी बँकेकडून मागवून घ्यावी आणि एकदाचं निपटावं.

‘आमचं बँक खातं बदललं, या नव्या खात्यात पाठवा’ असा मेल आला तर फोन उचला. मेलमधला नंबर वापरू नका, तुमच्याकडे आधीपासून असलेलाच लावा. इथे गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत, आणि तिथे १५ पैशांचा हिशेब काय कामाचा!

मार्जिनची, म्हणजे बाजारभावावर चढवायच्या पैशांची, बोलणी कधी करायची, हेही विचारलं जातं. ऐन पेमेंटच्या दिवशी नाही. त्या दिवशी तुम्ही घाईत असता आणि शाखेला ते ठाऊक असतं. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची फाईल जाते तेव्हा मॅनेजरला तुमचं खातं टिकवायचं असतं, त्या वेळी वर्षभराच्या रेमिटन्सची यादी आणि प्रत्येकाला लागलेला दर समोर ठेवा. शेजारच्या बँकेकडून एक लेखी कोटेशन आणून ठेवलंत तर उत्तम. आणि तोंडी कबुलीवर उठू नका. मॅनेजरच्या बदल्या होतात. ‘आयात रेमिटन्सवर इंटरबँकच्या वर इतके पैसे’ हे वाक्य मंजुरीपत्रात, नाहीतर निदान बँकेच्या मेलमध्ये, उतरवून घ्या.