खेळाचे साहित्य आणि सायकल : ओझे कसे न्यावे?



रविवारी सकाळी खासबाग, वडगाव, शहापूर भागातून मैदानाकडे निघालेली मुले पाहिली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. खेळाडू सायकलवर असतो आणि त्याचे साहित्य पाठीवर, हँडलला किंवा मागे बसलेल्या मित्राच्या हातात असते. बॅट आडवी धरलेली, फुटबॉलची जाळी चाकाशी लोंबकळणारी आणि पुढे बाजाराची गर्दी. खेळताना दुखापत होऊ नये म्हणून आपण पॅड व हेल्मेट घालतो. पण हेच पॅड मैदानापर्यंत नेताना मात्र फारसा विचार करत नाही.

हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही. ज्या घरी चारचाकी नाही आणि आईवडिलांना सकाळीच कामावर जावे लागते, त्या घरातील मुलाला साहित्य नेण्याची सोय नसेल तर त्याचा सराव चुकतो. सराव वारंवार चुकला की संघातील जागा जाते. म्हणजे गुण असूनही केवळ पिशवी नेता येत नाही म्हणून खेळाडू मागे पडतो. बसची वाट पाहावी तर तिथेही अडचण असतेच. सचिन तेंडुलकर यांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात मुंबईच्या गर्दीच्या बसमधून किट नेताना होणाऱ्या त्रासाविषयी लिहिले आहे. त्या मानाने सायकल स्वस्त, हक्काची आणि वेळेवर निघणारी. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत सायकलींची योजना राबवली. कोविडच्या काळात ती थांबली. पण त्या योजनेमुळे अनेक घरांत, विशेषतः मुलींच्या हाती, पहिली सायकल आली. तेव्हा प्रश्न सायकलचा नाही, ओझे शहाणपणाने लादण्याचा आहे.

तोल बिघडतो तो कशामुळे?

वजनापेक्षा ते वजन कुठे आहे याला जास्त महत्त्व असते. आजूबाजूच्या खेड्यांतून शहरात दूध घालायला येणाऱ्या गवळ्यांची सायकल आठवून पाहा. जड किटल्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली, सारख्या वजनाने अडकवलेल्या असतात. त्याने पदार्थविज्ञानाचे पुस्तक वाचलेले नसेल, पण गुरुत्वमध्य खाली आणि मधोमध ठेवण्याचा नियम तो रोज पाळतो. आपल्या भागात विणकरांची वस्ती जुनी. सुताची गाठोडी आणि साड्यांचे गठ्ठे कॅरियरवर आवळून नेणाऱ्यांकडूनही हेच शिकता येते : ओझे हलता कामा नये.

ओझे जितके उंच, तितकी सायकल जरा कलली तरी ती सावरायला जास्त जोर लागतो. पाठीवरच्या जड पिशवीचा तोटा हाच. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे. म्हणजे ४० किलो वजनाच्या मुलाने ४ किलो. क्रिकेटचे पूर्ण किट मात्र सहज ८ ते १० किलोंचे भरते. ते पाठीवर घेऊन सायकल चालवणे म्हणजे पाठीला आणि तोलाला दोन्हीकडून त्रास.

हँडलला अडकवलेली पिशवी त्याहून वाईट. हँडल हे दिशा देण्यासाठी असते. एका बाजूला वजन लोंबले की ते त्या बाजूला ओढ घेते, आणि खड्ड्यात पिशवी हेलकावली की हँडलही हेलकावते. पिशवीचा बंद किंवा चेंडूची जाळी पुढच्या चाकाच्या तारांत अडकली तर चाक एकदम थांबते आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून पहिला नियम पक्का लक्षात ठेवावा : हँडलला काहीही अडकवायचे नाही.

कोणते साहित्य कसे बांधावे?

क्रिकेटची बॅट नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ३८ इंच, म्हणजे सुमारे ९६.५ सेंटिमीटर लांब असते आणि स्टंप जमिनीपासून २८ इंच उंच. दांडीच्या सायकलला एक बॅट किंवा स्टंपांची जुडी दांडीलगत, पुढून आणि मागून अशा दोन ठिकाणी बांधता येते. गुडघा लागत नाही आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळते, हे निघण्यापूर्वी पाहावे. हॉकी स्टिकलाही हीच रीत. बिनदांडीच्या सायकलला मागच्या चाकाच्या बाजूला कॅनव्हासची लांब पिशवी लावून त्यात स्टिक उभी ठेवावी.

किटची लांब पिशवी कॅरियरवर आडवी बांधण्याची सवय सर्वत्र दिसते. तिचा हिशोब करून पाहू. पिशवी ९० सेंटिमीटर लांब असेल तर प्रत्येक बाजूला ४५ सेंटिमीटर बाहेर येते. हँडल साधारण ६० सेंटिमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून ३० सेंटिमीटर. आपण समोरची फट हँडलच्या अंदाजाने ओलांडतो, पण मागची पिशवी त्याहून १५ सेंटिमीटर बाहेर असते. रिक्षाचा आरसा, दुचाकीचे हँडल किंवा पायी चालणारी आजी, कशालाही ती लागू शकते. म्हणून पिशवी लांबीच्या दिशेने, चाकाच्या रेषेत ठेवावी. जड वस्तू सीटकडे आणि हलक्या मागे. किट शक्य तर दोन लहान पिशव्यांत विभागून कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लावावे. हा सर्वांत चांगला उपाय.

फुटबॉल एकाच जाळीत चार-पाच नेण्यापेक्षा थोडी हवा सोडून पोत्यात भरावेत आणि पंप बरोबर घ्यावा. व्हॉलीबॉलची जाळी गुंडाळून कॅरियरवर चांगली बसते. गोळाफेकीचा गोळा लहान दिसतो, पण खुल्या गटात महिलांचा गोळा ४ किलोंचा आणि पुरुषांचा ७.२६ किलोंचा असतो. तो सुटा ठेवला तर घरंगळतो. जाड कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घट्ट बसवावा.

कॅरम बोर्डचे वजन पेलते, पण आकार घात करतो. वारा सुटला की बोर्ड शिडासारखा वारा धरतो आणि सायकल बाजूला ढकलली जाते. त्यासाठी सायकल चालवूच नये. बोर्ड पेडलवर उभा टेकवून दांडीला व सीटला बांधावा आणि सायकल हाताने ढकलत न्यावी. पेडल फिरणार नाही, पण चाके फिरतात. दुसऱ्याने मागून धरावे.

बांधायला सर्वांत उत्तम वस्तू म्हणजे जुनी ट्यूब. सायकल दुकानात टाकून दिलेली ट्यूब उभी कापली की लांब पट्टी मिळते. ती ताणून बांधली की धक्क्याने सैल होत नाही. सुतळी किंवा नायलॉनची दोरी मात्र घसरते आणि तिचे लोंबते टोक साखळीत जाते. बांधून झाल्यावर सायकल उभी धरून जोरात हलवावी. काही वाजले किंवा सरकले तर पुन्हा बांधावे.

थांबण्याचा हिशोब

समजा मुलाचे वजन ४२ किलो आणि सायकलचे १८ किलो, मिळून ६०. त्यावर १२ किलोंचे साहित्य चढवले की ७२. वजन एक पंचमांशाने वाढले. ब्रेक पूर्वीइतकाच दाबला तर थांबायला लागणारे अंतरही तेवढेच वाढते. ५ मीटरचे ६ मीटर होते. त्यात ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना ब्रेककडे हात जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी सायकल ४ मीटर पुढे गेलेली असते. आपल्या पावसाळ्यात रिम ओली झाली की ब्रेकची पकड आणखी कमी होते. म्हणून ओझे असताना वेग कमी, अंतर जास्त आणि उतारावर ब्रेक आधीपासून. टायरमध्ये हवा पुरेशी असावी. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांसारख्या ठिकाणी चाक रुळाशी काटकोनात राहील असे ओलांडावे, तिरपे गेल्यास चाक खाचेत अडकते. नाथ पै सर्कल किंवा गोवावेस येथील गर्दीत सरळ उतरून चालावे.

उतरण्यात कमीपणा नाही. १९५४ साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत सैन्याचा माल हजारो सायकलींवरून डोंगरातून नेला गेला. एकेका सायकलवर २०० किलोंपेक्षा जास्त ओझे असे, पण त्यावर कोणी बसत नसे. हँडलला बांबू बांधून माणसे ती ढकलत नेत. डेन्मार्कमध्ये १९२० च्या दशकात 'लाँग जॉन' नावाची सायकल तयार झाली. तिच्यात मालाची जागा चालवणाऱ्याच्या पुढे आणि अगदी खाली असते. युक्ती पुन्हा तीच, आपल्या गवळ्याची!

काय नेऊ नये?

भाला सायकलवरून मुळीच नेऊ नये. तो दोन मीटरहून जास्त लांब आणि टोकदार असतो. टोकाला टोपण घालून, उभा धरून पायी न्यावा. कबड्डीच्या मॅट, व्हॉलीबॉलचे खांब, अडथळा शर्यतीचे हर्डल हे टेम्पोचे किंवा हातगाडीचे काम. साहित्य असताना डबलसीट बसणे पूर्ण टाळावे. नव्या सायकलींच्या अनेक कॅरियरवर २५ किलोंची मर्यादा लिहिलेली असते आणि ती माणूस बसवण्यासाठी नसते.

पालक आणि शाळेसाठी

गिअरच्या सायकलींना बहुधा कॅरियरच नसतो. मूल खेळाडू असेल तर सायकल घेतानाच भक्कम कॅरियर आणि दोन पायांचे स्टँड असलेली घ्यावी. एका पायाच्या स्टँडवर लादलेली सायकल आडवी होते. महिन्यातून एकदा ब्रेक आणि कॅरियरचे नट पालकांनी स्वतः पाहावेत.

सन्माननीय विश्वस्तांपुढेही दोन गोष्टी नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. पहिली, मैदानावर कुलपाची एक लोखंडी पेटी. पॅड, स्टंप, जाळी तिथेच राहिली तर मुलांना रोज वाहावीच लागणार नाहीत. दुसरी, सायकलच्या दोन जुन्या चाकांवर अँगलचा सांगाडा बसवून केलेला एक लहान गाडा. दोन चाकांवर तो स्वतःचा तोल स्वतः सांभाळतो आणि दोन मुले तो पायी सहज ओढू शकतात. उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत ज्या गावात आहे, तिथे असा गाडा जोडून घेणे अवघड नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाचे वर्कशॉप असेल तर त्यांनी हे काम अवश्य मनावर घ्यावे.

मित्रहो, खेळाडूची शिस्त मैदानाच्या रेषेपासून सुरू होत नाही. ती घराच्या दारात, साहित्य बांधतानाच सुरू होते. पाच मिनिटे आधी निघा, नीट बांधा, गर्दीत उतरा आणि सुखरूप मैदानावर पोहोचा. खेळ त्यानंतरच!