रंगीत फिल्मचे घरगुती विकसन

भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टीस लागणारा कोक तयार करताना दगडी कोळसा हवाबंद कोठ्यांत तापवितात. त्या वेळी डांबर, बेंझीन व टोल्यूईन ही द्रव्येही हाती येतात. रंगीत फिल्मचा विकासक हा याच रसायनांच्या कुळातील होय.

रंगीत फिल्मवर मुख्यतः तीन प्रकाशसंवेदी थर असतात. वरचा निळा, मधला हिरवा व खालचा तांबडा प्रकाश टिपतो. प्रत्येक थरात चांदीच्या संयुगाचे सूक्ष्म कण आणि रंग घडविणारे एक द्रव्य असते. प्रकाश लागलेल्या कणांतील चांदी विकासक मोकळी करतो. असे करताना त्याचे स्वतःचे ऑक्सिडीकरण होते, आणि या बदललेल्या रूपात तो शेजारच्या द्रव्याशी संयोग पावून अनुक्रमे पिवळा, किरमिजी व हिरवट निळा रंग निर्माण करतो. हे तत्त्व जर्मन रसायनज्ञ रुडोल्फ फिशर यांनी १९१२ च्या सुमारास मांडले. नंतर विरंजक चांदीचे पुन्हा संयुग बनवितो, स्थायीकारक ते विरघळवितो आणि केवळ रंग उरतो.

हे काम घरी करता येते. मात्र तापमान अचूक राखावे लागते. १९७२ साली प्रचारात आलेल्या सी-४१ पद्धतीत विकासक ३७.८ अंश सेल्सिअसला सव्वातीन मिनिटे वापरतात. तापमान चुकल्यास तिन्ही थर सारख्या प्रमाणात विकसित होत नाहीत. मग रंगांचा समतोल ढळतो व छपाईतही तो पुरता सुधारत नाही.

भिलाईत मे महिन्यात हवेचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. कृष्णधवल फिल्मसाठी नेहमीच्या २० अंशांवर द्रावण आणण्यास तेव्हा बर्फ लागतो. रंगीत फिल्मला लागणारे तापमान मात्र हवेच्या जवळपासच असते. हिवाळ्यात ऊन पाणी मिसळावे लागते. दोन्ही ऋतूंत उपाय एकच: फिल्म संपूर्ण अंधारात प्रकाशबंद डब्यात भरावी, डबा व द्रावणाच्या बाटल्या ३८ अंशांच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या घमेल्यात ठेवाव्यात आणि तापमापक बाटलीतील द्रावणात बुडवून पाहावा. पाण्याचा साठा मोठा असला म्हणजे तापमान सावकाश बदलते.

विकासकामुळे त्वचेस खाज व पुरळ येऊ शकते. म्हणून रबरी हातमोजे घालावेत, खोलीत हवा खेळती ठेवावी व स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. वापरलेल्या स्थायीकारकात फिल्ममधील चांदी उतरलेली असते. तो गटारात किंवा विहिरीजवळ न ओतता वेगळ्या बाटलीत साठवावा. त्यातून चांदी परत मिळविता येते.