व्हॅन गॉगची नक्कल कुठे फसते?

जाड रंग, वळसे घेणारे फटकारे, पिवळी शेतं, काळपट हिरवे सुरूचे वृक्ष. एवढं जमलं की चित्र ‘व्हॅन गॉगसारखं’ दिसतं. चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलं, तर त्यात गैर काहीच नाही. खोटेपणा सुरू होतो तो ‘हे त्यानंच काढलंय’ असं सांगितल्यावर.

बर्लिनचा चित्रविक्रेता ऑटो वाकर १९२०च्या दशकात नेमकं हेच करत होता. त्याच्याकडची सुमारे तीस चित्रं म्हणे एका रशियन उमरावाची होती. नाव मात्र गुप्त! द ला फाय या तज्ज्ञाच्या १९२८च्या चित्रसूचीतही ती शिरली. त्याच वर्षी कासिरर दालनातल्या प्रदर्शनात ती अस्सल चित्रांशेजारी आली आणि संशय बळावला. १९३२मध्ये खटला चालला. तिथे तज्ज्ञांचं आपसात जमेना. द ला फाय तर मत बदलत राहिला.

साक्षीला आलं ते रसायनशास्त्र. तेलरंगाचा जाड थर पूर्ण वाळायला वर्षानुवर्षं लागतात. वाकरच्या चित्रांतल्या रंगात राळ सापडली. ती मिसळली की रंग लवकर कडक होतो. क्ष-किरणांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अस्सल चित्रात खालच्या थरापासूनच कुंचल्याची ठाम रचना दिसते, नकलांत ती नव्हती. वरवरचा फटकारा उचलता येतो, त्यामागचा हात नाही. वाकरला तुरुंगवास झाला.