ग्रब रेस्क्यू आला, आता काय?

सबमिशनच्या आठवड्यात आमच्या विंगमध्ये एक हाक हमखास ऐकू येते, "अरे, मशीन बूट होत नाहीये!" चौकशी केली तर मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतात आणि आदल्या रात्री कोणीतरी काहीतरी 'जरा नीट' केलेलं असतं. मग पाच-सहा तज्ज्ञ गोळा होतात आणि एकमताने सांगतात, "फॉरमॅट मार." सांगणाऱ्याचं काय जातं? डेटा त्याचा नसतो! माझ्या पाहण्यातल्या अशा बहुतेक मशीन्समध्ये डेटा जागच्या जागी होता, फक्त तिथवर जायची वाट बंद झाली होती.

मित्रांनो, हार्ड डिस्क म्हणजे आपलं हॉस्टेल समजा. गेटवर वॉचमन, त्याच्या टेबलावर कुठली विंग कुठून कुठपर्यंत याचं रजिस्टर आणि आत खोल्या. वॉचमन बदलला म्हणून खोल्या पडत नाहीत. रजिस्टर फाटलं तरी खोल्यांतलं सामान तिथेच असतं.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर वॉचमन आणि रजिस्टर दोघंही पहिल्याच सेक्टरमध्ये राहतात. त्याला मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर म्हणतात. एकूण ५१२ बाइट: ४४६ बाइट बूट कोड, ६४ बाइट पार्टिशन टेबल आणि शेवटच्या दोन बाइटची सही. टेबलात एका नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून प्रायमरी पार्टिशन्स चारच. जास्त हवी असतील तर एक एक्स्टेंडेड पार्टिशन करून त्यात लॉजिकल करायची. ही लॉजिकल एकामागून एक साखळीने जोडलेली असतात. सेकंड इयरला घोकलेली लिंक्ड लिस्ट इथे भेटते, आणि मधला दुवा तुटला की पुढचं सगळं गायब!

आता दुरुस्ती. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाईप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायच्या.)

सोपा प्रकार आधी. लिनक्स असताना विंडोज पुन्हा टाकली की ती वॉचमन बदलते आणि थेट विंडोज सुरू होते. लिनक्स शाबूत असतं. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करा, लिनक्सचं पार्टिशन माउंट करा आणि ग्रब-इन्स्टॉल चालवा. त्याला बूट-डिरेक्टरी म्हणून माउंट केलेल्या जागेतलं बूट फोल्डर द्या. ग्रब डिस्कवर बसवायचा असतो, पार्टिशनवर नाही. म्हणजे 'एसडीए' लिहा, 'एसडीए५' नाही. नंतर लिनक्समध्ये जाऊन अपडेट-ग्रब. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब दुसरी सिस्टिम आपणहून शोधत नाही, त्यामुळे मेनूत विंडोज दिसली नाही तर घाबरू नका. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओएस-प्रोबर चालू करा.

उलटा प्रकार जास्त त्रासाचा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटला लिनक्सची फाइल सिस्टिम कळत नाही. तिथे बिननावाचं, बिनअक्षराचं पार्टिशन दिसतं आणि जागा कमी पडलेला माणूस ते 'रिकामं' समजून उडवतो. रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' उभा. कारण ग्रबचा थोडा भाग एमबीआरपाशी असतो, बाकीचा त्या उडवलेल्या पार्टिशनमध्ये.

फक्त विंडोज हवी असेल तर तिच्या इन्स्टॉलेशन डिस्कवरून रिपेअरमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्टवर 'बूटरेक /फिक्सएमबीआर' द्या. ती फक्त बूट कोड बदलते, टेबलाला हात लावत नाही. पण उडालेल्या पार्टिशनमध्ये काही हवं असेल तर?

आमच्या विंगमधल्या एका ज्युनियरचा अख्खा प्रोजेक्ट, कोड आणि रिपोर्टसकट, अशाच पार्टिशनमध्ये होता. सबमिशनला दोन दिवस. त्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की मोकळ्या झालेल्या जागेत नवीन पार्टिशन करू नको, काहीही कॉपी करू नको. मग लाइव्ह पेन ड्राइव्हवरून टेस्टडिस्क चालवलं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कभर फाइल सिस्टिमच्या खुणा शोधतं आणि त्यावरून पार्टिशन्सच्या हद्दी काढतं. क्विक सर्चमध्ये त्याचं पार्टिशन दिसलं. तिथे 'पी' दाबलं की आतल्या फाइल्स दिसतात, 'सी' दाबून त्या दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवता येतात. प्रोजेक्टचं फोल्डर आधी उतरवून घेतलं आणि मगच टेबल लिहायला घेतलं. हा क्रम सोडू नका. यादीत प्रत्येक पार्टिशनपुढे एक अक्षर असतं. 'डी' म्हणजे डिलीटेड. परत हवं असलेलं एखादं पार्टिशन 'डी'वर राहिलं आणि तुम्ही राइट दिलं, तर नव्या टेबलात ते नसणार. डाव्या-उजव्या बाणांनी ते प्रायमरी किंवा लॉजिकल करून घ्यायचं. त्याचं पार्टिशन आलं, ग्रबही आपोआप सुरू झाला, कारण त्याचा उरलेला भाग पुन्हा सापडला.

एसएसडीवर मात्र इतकं निवांत राहू नका. तिथे क्विक फॉरमॅट केलं की विंडोज डिस्कला ट्रिमची सूचना देते आणि जुना मजकूर परत मिळणं फार अवघड होतं.

नव्या लॅपटॉपवर यूईएफआय आणि जीपीटी असतं. तिथे वॉचमन पहिल्या सेक्टरमध्ये बसत नाही. फॅट३२ चं एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं, त्यात विंडोज आणि लिनक्सची आपापली फोल्डरं. टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, ही मोठीच सोय. इथे फिक्सएमबीआरचा उपयोग नाही, विंडोजसाठी बीसीडीबूट वापरा. रिपेअरमध्ये विंडोजचं अक्षर 'सी'च असेल असं नाही, आधी डिस्कपार्टमध्ये बघून घ्या. पेन ड्राइव्हही यूईएफआय मोडमध्येच बूट करा. आणि बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी हातात घ्या, नाहीतर दुरुस्ती होईल आणि कुलूप तसंच राहील.

एमबीआरवाल्यांसाठी शेवटचं एक. सगळं नीट चालू असतानाच लिनक्समधून 'डीडी'ने पहिले ५१२ बाइट पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. परत घालताना, मधल्या काळात पार्टिशन्स बदलली असतील, तर फक्त पहिले ४४६ बाइटच लिहा. पूर्ण ५१२ लिहिले तर जुनं रजिस्टर नव्यावर जाऊन बसेल. लॉजिकल पार्टिशन्सची साखळी या ५१२ मध्ये नसते, ती हवी तर 'एसएफडिस्क'चा डम्प वेगळा घ्यावा लागतो.