तिकीट आपलं, पोस्टमन त्यांचा

पुण्यात पेटीत टाकलेलं पत्र पॅरिसमध्ये दारापर्यंत नेतो तो फ्रान्सचा पोस्टमन. तिकीट मात्र भारताचं. त्यातलं फ्रान्सला काय मिळे? जवळजवळ शतकभर, काहीच नाही.

१८७४ पूर्वी देशादेशांत वेगवेगळे टपाल करार असत. वाटेतल्या देशांचे दर निराळे, वजनाची मापंही निराळी. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला बर्न इथे २२ देशांनी एकच करार केला, आणि त्यातून आजचा जागतिक टपाल संघ उभा राहिला. भारत त्यात १८७६ मध्ये आला, अर्थात ब्रिटिश अमलाखाली. ज्यानं तिकीट विकलं त्यानं पैसे ठेवावेत, असं ठरलं. गेलेल्या पत्राला उत्तर येणारच, मग हिशेब कशाला मांडायचा?

पण मासिकांना कोण उत्तर पाठवतं! त्यामुळे १९६९ च्या टोकियो अधिवेशनात पोचवणाऱ्या देशालाही मोबदला देण्याचं ठरलं. पुढे विकसनशील देशांना, म्हणजे चीनलाही, त्यात सवलतीचे दर मिळाले. ऑनलाइन खरेदी वाढल्यावर चीनहून येणारी छोटी पाकिटं आपण तोट्यात वाटतोय, अशी अमेरिकेची तक्रार सुरू झाली. ती चुकीची नव्हती.

या संघाकडे ना पोलीस, ना सैन्य. अधिवेशनात प्रत्येक देशाला एकच मत, मग तो केवढाही असो. तरी बाहेर पडणं सोपं नाही: जवळपास साऱ्या जगाशी एकेक करार नव्यानं करत बसावं लागतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेनं बाहेर पडण्याची नोटीस दिलीच. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास अधिवेशन भरलं, मोबदल्याचे दर देशांना टप्प्याटप्प्यानं स्वतः ठरवू देण्याची तडजोड झाली, आणि अमेरिका संघातच राहिली.