गप्प झाला की गेला?

मुलांनो, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ हे वाक्य तुमच्या आईबाबांनी बँकेत कधी ना कधी ऐकलंच असेल. सगळ्या नोंदी एकाच संगणकाच्या हवाली केल्या, की तो बसला म्हणजे सगळेच बसले!

यावर अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८३ मध्ये ‘व्हॅक्सक्लस्टर’ आणला. क्लस्टर म्हणजे घोस. द्राक्षांचा असतो ना, तसा संगणकांचा. माहितीच्या डिस्क सगळ्यांच्या सामाईक. एक संगणक बंद पडला, तर बाकीचे काम पुढे नेणार. काम वाढलं, तर जुना मोडीत न काढता घोसात आणखी एक जोडायचा.

सोपं वाटतं ना? पण खरी गोम पुढेच आहे. घोसातले संगणक ठराविक वेळाने एकमेकांना ‘मी आहे’ असा निरोप धाडत असतात. त्याला म्हणतात हार्टबीट. निरोप यायचा थांबला, म्हणजे शेजारी बंद पडला असेल. पण समजा, मधली तारच तुटली आणि शेजारी ठणठणीत असला तर? दोघांनाही वाटणार, ‘दुसरा गेला, आता सगळं माझ्यावर!’ मग गाडीतला एकच बर्थ एक जण जोशीकाकांना विकणार आणि दुसरा शेखचाचांना. गाडीत केवढं भांडण!

म्हणून या संगणकांच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमने चक्क मतदान ठेवलं. प्रत्येकाला एक मत. तिघांपैकी दोघे एकमेकांना दिसत असतील, तर त्यांचं बहुमत. त्यांनी काम चालू ठेवायचं. एकटा पडलेला? हाताची घडी, तोंडावर बोट! धडधाकट असला तरी. मला तर हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण थांबलेलं काम पुन्हा सुरू करता येतं, पण चुकीच्या नोंदी निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

आणि घोसात दोनच संगणक असले तर? तेव्हा तिसरं मत एका सामाईक डिस्कला देतात.

आजच्या लिनक्सवरच्या अनेक क्लस्टरमध्येही बहुमताचाच नियम चालतो. आता कागद-पेन्सिल घ्या. पाच संगणकांपैकी दोन बंद पडले तरी काम चालतं. मग सहांपैकी किती बंद पडले तर चालेल? ‘तीन’ म्हणण्याची घाई करू नका हं!