दर महिन्याची बैठक आणि तिचे अपवाद

चिखली हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. कारखान्यांत राबणारी अनेक कुटुंबे येथे राहतात आणि या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. तेव्हा येथील एखाद्या शाळेने पालकसभेसाठी महिन्याचा पहिला गुरुवार निश्चित केला, तर तो निर्णय उचितच म्हणावा लागेल. संगणकावरील अथवा मोबाईलवरील दिनदर्शिकेत ही नोंद एकदाच करावी लागते. पुढील सर्व तारखा यंत्र स्वतःच काढते.

तथापि, २०२५ साली १ मे आणि २ ऑक्टोबर हे दोन्ही दिवस पहिल्या गुरुवारीच आले. पहिला महाराष्ट्र दिन, दुसरा गांधी जयंती, आणि त्याच दिवशी दसराही होता. यंत्राला दिलेल्या नियमात सुट्यांचा उल्लेख नसल्याने ते त्या दिवशीही सभेची सूचना देणारच. आठवड्याची एकमेव सुटी खर्चून आलेल्या पालकाला शाळेला कुलूप दिसले, तर पुढील सभेस तो येईलच असे नाही.

यावर उपाय म्हणजे अपवादाची नोंद. दिनदर्शिकांची देवाणघेवाण करण्यासाठी १९९८ साली तयार झालेल्या व २००९ साली सुधारलेल्या 'आयकॅलेंडर' या मानकात नियम व अपवाद स्वतंत्रपणे नोंदविले जातात. एखादी तारीख वगळता येते, किंवा २ ऑक्टोबरची सभा ९ ऑक्टोबरला नेता येते. सभा हलविली तरी मूळ तारीख तिची ओळख म्हणून कायम राहते.

नोंद बदलताना यंत्र बहुधा तीन पर्याय पुढे ठेवते. 'फक्त ही नोंद' हा पर्याय एका सभेपुरता आहे. 'ही व यापुढील' निवडल्यास जुना नियम तेथे संपून नवा सुरू होतो, आणि झालेल्या सभा जशाच्या तशा राहतात. सभेची वेळ कायमची बदलावयाची असेल तेव्हा हाच मार्ग योग्य. 'सर्व नोंदी' हा पर्याय मात्र जपून वापरावा. त्यामुळे मागील सभांच्या वेळाही बदलतात आणि काही प्रणालींत पूर्वी केलेले अपवाद पुसले जातात.

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेसाठी '३१ तारीख' ठरविल्यास आणखी एक अडचण येते. उपरोक्त मानकानुसार, ज्या महिन्यात ३१ तारीख नाही तो महिना वगळला जातो. वर्षातून पाच सभा अशा रीतीने गळतात. म्हणून 'महिन्याचा अखेरचा दिवस' असा नियम द्यावा.

काही प्रसंग तारखेच्या नियमात बसतच नाहीत. चिखलीच्या एका बाजूस देहू, तर दुसऱ्या बाजूस आळंदी. देहूहून तुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस निघते. ही तिथी २०२३ साली १० जूनला, २०२४ साली २८ जूनला व २०२५ साली १८ जूनला आली. मधल्या अधिक श्रावणामुळे ती एकदा पुढे गेली, नंतर मागे आली. अशा दिवसांची नोंद दरवर्षी पंचांग पाहून स्वतंत्रपणे करणेच इष्ट.

वर्षारंभी शासकीय सुट्यांची यादी समोर ठेवून बारा महिन्यांच्या तारखा एकदा ताडून पाहाव्यात. अर्ध्या तासाच्या या कामाने अनेकांचा हेलपाटा वाचेल.